माईनं सांगितलेला सोमवार

पुंडलिकनगरच्या मंगल कार्यालयात दर शुक्रवारी दोन-अडीचशे बाया जमायच्या. समोर सुलेखामाई, हातात ‘ऋतुमाऊली’ चूर्णाचा डबा. एकवीस दिवस चूर्ण घ्यायचं आणि शुक्रवारी रिकामा डबा माईच्या पायाशी ठेवायचा. माई डोळे मिटून वार सांगायची, “सोमवारी!” आणि पाळी सोमवारीच यायची. महिनोन्महिने अडलेल्यांचीसुद्धा. मला माईचं हसू यायचं, पण पाळी खरंच येत होती, ते कसं नाकारणार?

“यात अशोकाची साल, शतावरी, लोध्र,” माई सांगायची, “आणि गुरूंनी दिलेलं एक मूळ. त्याचं नाव घ्यायचं नसतं!”

नाव घेतलं असतं तर औषध खात्याची माणसं दारात आली असती, एवढं तिलाही कळत होतं.

कार्यालयाच्या कोपऱ्यावर माझं मेडिकल आहे. करमाडला राहणारी माझी धाकटी जाऊ सुरेखा आठ महिने हे चूर्ण घेत होती. वय सत्तेचाळीस, अवेळी रक्त जायचं. डॉक्टरांनी गर्भपिशवीचा तुकडा काढून तपासायला सांगितलं, तशी ती घाबरली. चूर्णानं अवेळी जाणं थांबलं, पाळी वेळेवर यायला लागली आणि तपासणी राहून गेली. पुढं पोट दुखायला लागलं. तेव्हा कुठं मला जाग आली. तिच्या डब्यातलं चूर्ण मी प्रयोगशाळेत तपासून घेतलं आणि रिपोर्ट घेऊन तडक कार्यालयात गेले.

“महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या माझ्याकडून कोण कोण नेतं?”

बाया खुदूखुदू हसल्या. निम्मे हात वर झाले.

“गोळ्या बंद केल्यावर कितव्या दिवशी येते?”

“तिसऱ्या, नायतर चौथ्या,” पहिल्या रांगेतली आशाबाई म्हणाली.

“आणि डबा संपतो शुक्रवारी. आता मोजा.”

बायांची बोटं हलली. “सोमवार…” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“हेच ते गुरूंचं मूळ. त्याच गोळ्या कुटून घातल्यात,” मी रिपोर्ट वर धरला.

मग आशाबाईचा चेहरा खुलला. “म्हंजी त्यात खरीखुरी गोळी हाय व्हय? मंग तर लई चांगलं की! जडीबुटी बी अन् गोळी बी, एकाच डब्यात!”

“बघा, सायन्सनंही मानलं!” माईनं लगेच हात जोडले. टाळ्या पडल्या. त्या दिवशी डबे कमी पडले.

सुरेखाला पिशवीचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत गेलेला. आठ महिन्यांपूर्वी आली असती तर पिशवी काढून बहुधा भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता फक्त दुखणं कमी करायचं. तिच्या खाटेशी बसून मी माईला शिव्या घालत होते.

“माईला कामून बोलता, ताई?” सुरेखा म्हणाली. “त्याच गोळ्या तुमी बी देताच की. कवा कुनाला इचारलं, कशाला पायजे म्हनून?”

आता मी डॉक्टरची चिठ्ठी मागते. निम्म्या बाया चिडून पुढच्या दुकानात जातात. तरी सांगते, बायांनो, अवेळी रक्त जात असेल तर ते थांबवण्याआधी का जातंय ते तपासून घ्या. चूर्ण देणाऱ्याला विचारा, गोळी देणाऱ्याला विचारा, लाजू नका. सुरेखानंही विचारलं, पण तोवर विचारून उपयोग उरला नव्हता.