सलामाचं उत्तर

"सलाम आलेकुम," अरबाब म्हणाले.

बिन्यामिन झिराडकरांनी मान वर केली नाही. लेथवर पंपाचा शाफ्ट फिरत होता आणि त्यांची नजर टूलच्या टोकावर होती. अरबाब म्हणजे कंपनीचे मालक. ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, सलाम म्हणाले. झिराडकर तसेच. मालकांमागे मॅनेजर होता, मॅनेजरमागे दोन पाहुणे, आणि सगळ्यांत मागे फोरमन मुनीरभाई. त्यांनी डोळेच मिटून घेतले. ज्या मुलखात भांडण झालेली माणसंसुद्धा सलामाचं उत्तर चुकवत नाहीत, तिथे एक टर्नर खुद्द मालकाला पाठ दाखवून उभा होता.

शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या वर्कशॉपमध्ये झिराडकर सात वर्षं होते. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. मशीनवर उभे राहिले की बोलायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बावन्न वर्षांच्या माणसाला एवढं विक्षिप्त असायची मुभा सगळे देत होते. दुसरा विक्षिप्तपणा शनिवारचा. सगळ्यांना शुक्रवारी सुट्टी, तर हे शुक्रवारी कामावर आणि शनिवारी खोलीत.

"काका, मारुतीचा नवस हाय काय?" खोलीतल्या महादूने पहिल्या वर्षीच विचारलं होतं.

"तसंच काहीसं," ते म्हणाले होते.

तसं काहीच नव्हतं. झिराडकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू होते. अलिबागकडचे, बापजाद्यांचा तेलाचा घाणा असलेले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने ज्यांना शनवार तेली म्हटलं त्यांतले. व्हिसाच्या फॉर्मवर एजंटाने नाव बघून परस्पर 'ख्रिश्चन' लिहिलं, आणि झिराडकर गप्प बसले. वसईचा टाइमकीपर जेरार्ड त्यांना दर नाताळात चर्चला चला म्हणून मागे लागायचा. ते ड्यूटीचं कारण सांगून सुटायचे. ते गप्प बसणं त्यांना सात वर्षं चपलेतल्या खड्यासारखं बोचत होतं.

त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की लागायचा. मग दिवा लावायचा नाही, बटणाला हात नाही, गाडीत बसायचं नाही. हिवाळ्यात कंपनीची बस कामगारांच्या कॅम्पवर पोचेपर्यंत सूर्य बुडालेला असे. बसचं पाप ते कंपनीच्या नावावर टाकत, पण बटणाचं कुणावर टाकणार? खोलीतले बाकीचे शुक्रवारचे शारजात भटकायला गेलेले. झिराडकर अंधारात कॉटवर बसून राहत. थोड्या वेळाने मुनीरभाई कधी पेपर मागायला, कधी सुई मागायला येत. "काळोखात काय बसतोस रे?" असं करवादत बटण दाबत आणि निघून जात. सुई बहुधा तिथेच राही.

त्या दिवशी शिफ्ट संपताच मॅनेजरने बोलावलं.

"अरबाब को जवाब नहीं दिया? पार्टी के सामने? अगले महीने तुम्हारा व्हिसा रिन्यू होना है, मालूम है ना?"

मालूम होतं. घरी धाकटीच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. बावन्नाव्या वर्षी परत गेल्यावर आपल्याला कोण लेथवर उभं करणार, हेही मालूम होतं.

मॅनेजर त्यांना मालकांकडे घेऊन गेला. केबिनबाहेर मुनीरभाईंनी त्यांचा दंड धरला. "सांग, मशीनचा आवाज होता, ऐकूच आलं नाही. मी अरबीत सांगतो. खलास."

"ऐकू आलं होतं, मुनीरभाई."

"अरे, पण सांगायला काय जातं?"

"एक खोटं आधीच वागवतोय. दुसरं नको."

मालक म्हातारे होते. समोर अरबी कॉफीचा छोटा कप. त्यांनी रागावून नाही, खरोखर कळत नाही म्हणून विचारलं, "उत्तर का दिलं नाहीस?"

 झिराडकर मराठीत बोलू लागले, मुनीरभाई अरबीत सांगू लागले.

"माझे बाबा झांजा वाजवून कीर्तन करायचे. आमच्या जुन्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, गोष्टी सांगायचे. दोन हजार वर्षांपूर्वीचे मोठेमोठे विद्वान, पण पोटासाठी हातानं राबायचे. कुणी चपला शिवायचा, कुणी लोहारकाम करायचा, कुणी कोळसा पाडायचा. त्या काळात अब्बा हिल्किया नावाचा एक साधुपुरुष होता. रोजंदारीवर शेत खणायचा. एकदा पाऊस पडेना, म्हणून दोन विद्वान त्याला प्रार्थना करायची विनंती करायला शेतावर आले. त्यांनी नमस्कार केला. यानं मान वर केली नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी कारण विचारलं. तो म्हणाला, मी दिवसाच्या मजुरीवर होतो. तो वेळ मालकाचा. त्यातला मी तुम्हाला कसा देऊ?" झिराडकरांनी मालकांकडे पाहिलं. "माझा वेळ तुमचा होता, अरबाब. तुमचाच वेळ घेऊन तुम्हालाच सलाम कसा करू, ते मला कळलं नाही."

"तो शेत खणणारा कोण होता?" मालकांनी विचारलं.

मुनीरभाईंनी झिराडकरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "याच्या पूर्वजांपैकी," ते म्हणाले. "नेक माणसं होती." एवढी अरबी झिराडकरांना कळत होती.

मालकांनी कप खाली ठेवला. त्यांचा बाप मोत्यांच्या बोटीवर होता म्हणाले. पाणबुड्या तळाशी असला की वर दोरी धरणारा माणूस कुणाशी बोलायचा नाही, नाखवा आला तरी. बोलला, की खालचा मेला. थोडं थांबून म्हणाले, "आता मशीन बंद आहे ना?"

"वालेकुम सलाम, अरबाब," झिराडकर म्हणाले, आणि मॅनेजरसकट सगळे हसले. व्हिसाच्या कागदावर सही तिथेच झाली.

बाहेर आल्यावर झिराडकर भिंतीला टेकून उभे राहिले. "मुनीरभाई, मी रब्बी म्हणालो. तुम्ही ते सांगितलं नाहीत."

"चौलला आमच्या मागल्या आळीत आरोनचाचांचा घाणा होता. शनिवारी त्यांच्याकडं स्टोव्ह पेटवायला माझी अम्मी जायची. त्यांचा हात चालत नाही ना त्या दिवशी. झिराडकर नाव वाचलं तेव्हाच कळलं मला. पहिल्याच दिवशी."

"सात वर्षं बोलला नाहीत?"

"तू बोलला नाहीस. मी कशाला बोलू?"

पेपर, सुई, करवादणं, सगळं झिराडकरांच्या एकदम ध्यानात आलं. आपण एकटे लपलोय असं ते समजत होते, आणि हा माणूस दर शुक्रवारी येऊन त्यांचा शनिवार सांभाळून जात होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"यल्ला, चल, बस सुटेल," मुनीरभाई म्हणाले.

पुढच्या जानेवारीत मुनीरभाई कायमचे गावी निघाले. विमान शुक्रवारी दुपारचं. सकाळी टॅक्सी बाहेर उभी करून ते वर्कशॉपमध्ये आले. झिराडकर लेथवर होते. मुनीरभाई दोन पावलं लांबच उभे राहिले. "सलाम आलेकुम, बिन्यामिन," हळू म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता वळले.

मागे मशीनचा आवाज उतरत गेला आणि थांबला.

"वालेकुम सलाम, मुनीरभाई." झिराडकरांनी हात पुसले, पुढे आले आणि त्यांना मिठी मारली. सात-आठ मिनिटं गेली असतील. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दहा मिनिटं मशीन चालवलं.

संध्याकाळी बस कॅम्पवर पोचली तेव्हा सूर्य बुडाला होता. आजपासून अंधाराची सवय करायची, असं मनाशी घोकत झिराडकर खोलीशी आले. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता.

आत महादू एकटाच बसला होता, शारजाला जायचे चांगले कपडे घालून.

"गेला नाहीस?"

"मुनीरचाचा सांगून गेलेत. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी बत्ती लावायची, मगच भटकायला जायचं. आनि का ते काकांना इचारायचं नाय." महादू चप्पल घालून उठला. "जाऊ आता?"

"जा," झिराडकर म्हणाले.

महादू दार ओढून गेला. झिराडकरांनी डोक्याला रुमाल बांधला आणि दिव्याखाली, चौलच्या आळीतल्या त्या स्टोव्ह पेटवणाऱ्या बाईपासून सुरुवात करून, एकेकाचं नाव घेत प्रार्थनेला बसले.