चाचणीचं काम

नोकरी गेली तेव्हा तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तिची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली. घेणाऱ्यांकडे स्वतःचे डिझायनर होतेच. एका म्यानात दोन तलवारी कशाला, म्हणून तिच्या अख्ख्या टीमला नारळ मिळाला. लोकांच्या फोनवरची बटणं, चिन्हं, रंग, अक्षरं ठरवण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. "हातात कला आहे, काही उपाशी मरत नाही मी," असं दादाला सांगून तिनं भाड्याची खोली सोडली आणि तात्पुरती म्हणून त्याच्याकडे राहायला आली. आईही तिथंच होती. तात्पुरतं म्हणता म्हणता वर्ष उलटलं.

मुलाखतीला समोर बसणारी मुलं तिच्या भाच्याच्या वयाची. "तुम्हाला आमच्यात करमेल का?" असं हसून विचारायची. म्हणजे काय विचारतायत ते तिला कळायचं. मग म्हणायची, "एक छोटंसं चाचणीचं काम करून दाखवा." फुकट, अर्थातच. ती करून द्यायची. पुढे सामसूम.

त्यातलं एक काम मात्र तिनं जीव ओतून केलं. डॉक्टरची वेळ घेण्याचं ॲप होतं. आईच्या गुडघ्यांसाठी दवाखान्याच्या खेपा घालायची ती वहिनी, म्हणून तिनं वहिनीलाच जेवणाच्या टेबलाशी बसवलं. कागदावर काढलेल्या फोनच्या स्क्रीन एकेक करून पुढे ठेवल्या.

"समजा हा फोन आहे. आईसाठी वेळ घ्यायचीय. कुठे बोट लावाल?"

वहिनी चष्मा वर सरकवून बघत राहिली. "अहो वन्सं, आधी ही डॉक्टरांची यादी कशाला? मी काय वर शोधायला निघालेय? मला कधी जमतंय ते आधी विचारा की."

वन्सं हा शब्द घरात वहिनीच तेवढी वापरायची, तोही अर्धा चेष्टेनं. पण बोलली ते खरं होतं. तिनं सगळं उलटं केलं. आधी कोणासाठी, मग कधी, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. थांबायच्या वेळेचं चिन्ह म्हणून हात असलेली छोटी गुबगुबीत खुर्ची काढली. आठवडाभर वहिनीचं बोट जिथे अडलं, तिथे ती खोडत गेली.

कंपनीत तिनं ते दाखवलं तेव्हा तिघं बघत होते. एकजण "वा!" म्हणाला. घरी येताना ती चक्क गुणगुणत होती. नंतर दोन ओळींचं उत्तर आलं, की आम्ही वेगळ्या दिशेनं जायचं ठरवलं आहे, शुभेच्छा.

काही महिन्यांनी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "वन्सं, अहो इकडे या आधी!"

हातात फोन होता. कोणासाठी, मग कधी, शेवटी डॉक्टर. कोपऱ्यात ती गुबगुबीत खुर्ची.

"हे आपलंच ना? तुम्हाला घेतलं नाही म्हणाला होतात ना?"

तिनं फोन घेऊन शेवटपर्यंत बघितलं. मग तिनं त्या 'वा' म्हणणाऱ्याला फोन लावला. तो अगदी गोड बोलला. अशा कल्पना काय, अनेकांना एकदम सुचतात. आणि चाचणीचं काम पाठवताना त्यावरचा हक्क आमचा, हे तुम्ही मान्य केलं होतं. तळाशी चौकट होती, त्यात खूण केलीय तुम्ही.

केली होती. न वाचता. तसल्या चौकटी तिनं स्वतः थोड्या का काढल्या होत्या! अक्षरं होतील तितकी बारीक ठेव, असं वरून सांगायचे आणि ती ठेवायची.

"गरज सरो नि वैद्य मरो!" दादा तणतणला. "चल, वकील गाठू."

"आणि मग मला कोण दारात उभं करेल?"

ती म्हणाली खरी. तसंही दारात कोणी उभं करत नव्हतंच.

शेवटी तिनं मिळेल ते घेतलं. एआयचं मशीन चित्रं काढतं आणि माणसाच्या हाताला सहा बोटं देतं; तिनं घरी बसून ते जास्तीचं बोट पुसायचं. शेजारीण येऊन 'काय काम करतेस' विचारू लागली की ती आतल्या खोलीत जायची. एकदा वहिनी अभिमानानं शेजारणीला सांगू लागली, "ते डॉक्टरचं ॲप आमच्या वन्संनी..."

शेजारीण गेल्यावर ती म्हणाली, "वहिनी, नका सांगत जाऊ."

"का? खोटं आहे का ते?"

"खोटं नाही हो. पण पुढचा प्रश्न येतोच, की आता काय करतेस."

त्यानंतर वहिनी दवाखान्याला साधा फोन लावून ताटकळत बसू लागली. ॲप तिनं काढूनच टाकलं होतं. एका सकाळी आईचा गुडघा फार सुजला, फोन काही लागेना. तेव्हा तिनं वहिनीच्या हातातून फोन घेतला, ते ॲप पुन्हा उतरवलं आणि वेळ घेतली. कुठेही अडलं नाही.

"किती लवकर झालं," आई म्हणाली. "कुणी केलंय गं हे?"

"आहे एक कंपनी," ती म्हणाली, आणि आईची चप्पल शोधायला वाकली.