छातीवरचं घड्याळ

टप्प. दोरीवरचा चिमटा फरशीवर पडला आणि दुपारची शांतता मोडली. तिने स्वयंपाकघरातून डोकावलं. सासूबाई गॅलरीतले तिचे ड्यूटीचे पांढरे कपडे काढत होत्या.

“ओले आहेत अजून, आई.”

“असू देत. बादलीत टाक. पाहुण्यांच्या तोंडावर दवाखान्याचं प्रदर्शन नको.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “सून ऑफिसात असते, एवढंच सांगितलंय मी. खोटं कुठंय? दवाखान्यातच आहे ना ऑफिस.”

गेल्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दीड महिना तिनेच त्यांना उठवलं, बसवलं, पुसलं. तेव्हा त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “घरातच नर्स आहे, मला कसली काळजी.” पण आज नणंदेला पाहायला तिसरं स्थळ येत होतं. आधीची दोन ‘भावजय नर्स’ ऐकून फिरली, यावर सासूबाई ठाम होत्या. नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता.

तिने कपडे बादलीत टाकले. ड्यूटीचं घड्याळ लेकीच्या हाती दिलं. “खेळ याच्याशी. आणि कुणी काही विचारलं तर गप्प राहायचं हं.”

पाहुणे आले. बोलणी छान रंगली. नणंद हसलीसुद्धा. आणि चहाचा कप तोंडाशी नेता नेता मुलाचे वडील थांबले. कपाळ घामाने डबडबलं.

“काही नाही, जरा गरगरतंय.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने ट्रे ठेवून त्यांचं मनगट धरलं होतं. आणि सवयीने नजर खाली गेली, स्वतःच्या छातीकडे. वॉर्डात हात मोकळे राहावेत म्हणून घड्याळ तिथे उलटं टाचलेलं असतं. आज तिथे काहीच नव्हतं.

“आई, हे घे,” म्हणत लेक धावत आली आणि घड्याळ पुढे केलं.

तिने पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. कुणी हललं नाही. मग त्यांना आडवं केलं, पायांखाली उशी दिली. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

“ठोके मध्येच चुकताहेत. आज इथूनच थेट डॉक्टरांकडे जा.”

“नर्स आहात तुम्ही,” मुलाची आई म्हणाली. “माझी आई दोन महिने दवाखान्यात होती. देवमाणसं हो.”

पण निघताना, चप्पल चढवता चढवता, त्या सासूबाईंना म्हणाल्या, “आमच्यातली माणसं जुन्या वळणाची. रात्रपाळ्या, पुरुषांचे वॉर्ड... चार लोकांत सांगायचं म्हणजे. आणि तुम्ही तर ऑफिसात म्हणाला होतात. बघू, कळवतो.”

दार लागलं. सासूबाई आत गेल्या. नवऱ्याने पुन्हा पेपर उघडला. नणंदेने कपबशा उचलल्या. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

“एवढं एक मिनिट हात आवरला नाही ना, वहिनी.”

ती गॅलरीत आली. बादलीतले कपडे झटकून पुन्हा दोरीवर घालू लागली. लेक एकेक चिमटा वर देत होती. फ्रॉकला तिने ते घड्याळ टाचलं होतं, अगदी आईसारखं उलटं.

“आई, ते आजोबा तुझ्यामुळे बरे झाले ना?”

“हं.”

“मग सगळे तुझ्यावर का रुसलेत?”