ट्यूबची गादी

डॉन लिबोरियोंच्या बुडाखाली, खुर्चीत, काळं रबर डोकावताना दिसलं आणि त्यांची देखभाल करणारी युदेल्का हातातलं काम टाकून धावली.

रविवार, भेटीचा दिवस. बानी गावातल्या त्या वृद्धाश्रमात बदामाच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव रंगला होता. डॉन लिबोरियोंचा मुलगा राउली मोटरसायकलींची पंक्चरं काढायचा. त्याने जुन्या ट्यूबवर फुलाफुलांचं कापड शिवून बापासाठी गोल गादी आणली होती. मधे भोक, म्हणजे जखम कुठे टेकायला नको. किती सरळ हिशोब, आणि किती चुकीचा! सगळा भार त्या कड्यावर येतो आणि मधल्या कातडीचं रक्त चहूबाजूंनी अडतं.

सतत बसून-पडून माकडहाडावर झालेली ती जखम भरावी म्हणून युदेल्काने अख्खा उन्हाळा त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं होतं. आत्ता कुठे गुलाबी कातडी धरली होती. पुन्हा उघडली तर ऑपरेशन, आणि ते त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कधीपासून बसलेत?"

"जेवल्यापासून," राउली खुशीत म्हणाला. "एकदा कुरकुर नाही, बघा!"

"कमरेखालचं काही कळतं का त्यांना, कुरकुर करायला? उठवा आधी!"

डॉन लिबोरियोंनी सोंगटी आपटली. "डाव अर्धा टाकून मी उठत नसतो. जोडीदाराला काय तोंड दाखवू? आणि हे माझ्या पोराने केलंय. तुझ्यासारखी पगारी माया नाही ती."

युदेल्काला ते चांगलंच झोंबलं. पण भांडायला वेळ कुठे होता? ती राउलीकडे वळली. "आत चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "त्याला नको! बापाला असं उघडं पोराने बघायचं? मेलो तरी नाही."

"तसेच मराल, डॉन लिबोरियो. लाजेपायी मराल."

मग समोरच्या जोडीदाराने, म्हाताऱ्या चेपीतोने, आपल्या सोंगट्या सगळ्यांना दिसतील अशा उताण्या टाकल्या. "हरलो आपण. जा आता."

खाटेवर कुशीला वळवलं तेव्हा कातडीवर लालभडक कडं उमटलं होतं. मधली नवी कातडीही लाल पडली होती, पण फाटली नव्हती.

"अंगठ्याने दाबा. आता सोडा. पांढरं पडून पुन्हा गुलाबी झालं, तर रक्त फिरतंय."

राउलीने दाबलं, सोडलं. लाल ते लालच राहिलं.

"मी केलं हे?" राउलीने विचारलं. युदेल्काचा राग कुठल्या कुठे गेला. तिला त्याची दया आली, आणि दयेहूनही जास्त भीती वाटली.

बाकीची माणसं घरी गेली. राउली हलला नाही. बाप पाठीवर कलंडू नये म्हणून त्याचा खांदा धरून बसला. युदेल्का मधेच येऊन चादर उचलायची, बघायची, परत जायची. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

दिवे लागले तशी ती म्हणाली, "दाबा."

राउलीने दाबलं. त्याने अंगठा उचलला. खाली पांढरा ठिपका उमटला आणि हळूहळू गुलाबी रंगाने भरून आला. युदेल्काने डोळे मिटून घेतले. राउली मात्र बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागला.

"अरे, रडतोस काय नुसता?" भिंतीकडून घाबरा आवाज आला. "चांगलं आहे की वाईट, ते तरी सांग. मला तिथलं काही कळत नाही रे!"