नवरात्राचे नऊ पुडे

मित्रांनो, चालताचालताच ऐका, कारण मला एका जागी बसून काही सांगता येत नाही. मी एक जुनी कापडी पिशवी आहे. उत्तरेत गंगेकाठी, ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी घरांच्या एका गल्लीत प्रमोदिनीकाकूंच्या दाराआड एक खिळा आहे, त्याला मी टांगलेली असते. पंखा लागला की हलते, कुणी दार ढकललं की भिंतीवर आपटते. पिशवीच्या जन्माला स्वस्थपणा कसला? भरलं की निघायचं, रिकामं झालं की परत निघायचं.

माझा जन्म मात्र चांगल्या जागी झाला. रामनवमीच्या कीर्तनाच्या मांडवाला जाड कनात लावत, ती एका वर्षी वाऱ्याने फाटली. गोपीनाथ शिंप्याने तिचा धड तुकडा कापून, दुहेरी टाके घालून मला शिवलं. "इसमें पत्थर भर लो काकू, तरी फाटायची नाही," असं त्याच्या तसल्या मराठीत म्हणाला. म्हणजे बघा, पिशवी होण्याआधी कितीतरी वर्षं मी कीर्तनात उभी होते. पूर्वरंगात पेंगणारे आणि उत्तररंगात डोळे पुसणारे, सगळे माझ्याच सावलीत बसलेले. कीर्तनकार ढुंढिराजबुवांनी झांजांवर पहिला ठोका दिला की अजून माझ्या धाग्यांत काहीतरी सरकतं.

मग भाजी, दूध, देवाची फुलं, काकांची औषधं, सगळं वाहिलं. काकू मला "माझी लक्ष्मी" म्हणायच्या. पुढे फुकटच्या प्लास्टिकच्या थैल्या आल्या आणि मी पाच-सहा वर्षं खिळ्यावर धूळ खात राहिले. त्या थैल्यांवर बंदी आली तेव्हा काकूंना माझी आठवण झाली. एवढ्याने माझं आयुष्य सांगून झालं असतं. पण कोरोनाच्या वर्षीचे ते दोन-तीन दिवस मला अजून टोचतात, शिवणीत अडकलेल्या खड्यासारखे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गल्लीत एकच बोलणं होतं. सगळं बंद होणार. पंधरा दिवस, महिना, कोण म्हणे तीन महिने. श्रीरामकाका सकाळीच मला घेऊन गेले आणि गव्हाचं पीठ भरून आणलं. घाईत एक पुडा माझ्यातच फुटला. घरी आल्यावर त्यांनी मला दोनदा झटकलं आणि टांगलं.

"तांदूळ?" काकूंनी विचारलं.

"तांदूळ काल संध्याकाळीच उडाले म्हणे. दुकानात लोक असे तुटून पडलेत, जसं काही उद्या गंगाजी पण बंद होणार आहेत."

"महिनाअखेर आहे हो. घरात दोन दिवसांचे असतील. आणि माझ्या उपवासाचं काय?"

हा उपवास साधा नव्हता. अठरा वर्षांपूर्वी काका मोठ्या दुखण्यातून उठले, तेव्हा काकूंनी देवीला चैत्राचे नऊ दिवस बोलले होते. नऊ दिवस धान्य नाही. अलीकडे काकूंच्या साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी साबुदाणा, बटाटा, रताळं बंद केलं होतं. राहिलं शिंगाड्याचं पीठ, वरी आणि राजगिरा. काकू नवसाबाबत फार हळव्या. एक दिवस जरी चुकला तरी काकांच्या जिवावर बेतेल, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं.

त्या स्वतः निघाल्या. मैदागिनच्या रस्त्यावर नवं मोठं दुकान झालं आहे, तिथे. मित्रांनो, मी मेळे पाहिले आहेत, ग्रहणातली गर्दी पाहिली आहे, पण असली गर्दी नाही. मेळ्यात माणसं एकमेकांकडे बघतात. इथे सगळ्यांची नजर फळ्यांवर होती. आणि फळ्या रिकाम्या! डाळीच्या फळीवर फक्त किमतीच्या चिठ्ठ्या. मिठाच्या फळीवर सांडलेलं मीठ. एक बाई झाडूंचे सहा जुडगे घेऊन निघाली होती. तिला झाडू कशाला हवेत, हे तिलाही सांगता आलं नसतं. दारातला पहारेकरी ओरडून दमला होता, "अरे भइया, सब मिलेगा, धक्का मत दीजिए." त्याचं कुणाला खरं वाटत नव्हतं.

काकूंनी उपवासाच्या पदार्थांची फळी बरोबर गाठली. शिंगाडा, वरी, राजगिरा मिळून नऊच पुडे उरले होते. "नऊ दिवस, नऊ पुडे. आईनेच ठेवलेत," असं पुटपुटत त्यांनी एकेक पुडा माझ्यात टाकला. मी गळ्यापर्यंत भरले. खरं सांगते, त्या क्षणी मला अभिमानच वाटला.

तेवढ्यात मागून एक माणूस आला. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात लहानशी चिठ्ठी. त्याने रिकामी फळी पाहिली, मग मला पाहिलं.

"माताजी, सिंघाड़े का एक पैकेट मिल जाता तो..."

"नवरात्र आहे ना, बेटा. नौ दिन का व्रत है," काकू म्हणाल्या आणि मला छातीशी धरलं.

व्रताचं नाव निघाल्यावर या गावात कोण बोलणार? तो वाकून खालच्या फळीत हात घालून चाचपत राहिला. तिथेही काही नव्हतं.

घरी आल्यावर काकांनी माझ्यात डोकावलं. "अगं, उपवासाला एवढं खायचं असेल तर त्यापेक्षा जेवलेलं बरं."

"तुम्ही गप्प बसा. वेळेवर गेले म्हणून मिळालं."

दुसऱ्या दिवशी पाडवा. गल्ली इतकी शांत की घाटावरच्या होडीची साखळी ऐकू येत होती. काकूंनी गुढी उभारली, देवीपुढे दिवा लावला, एक पुडा फोडून शिंगाड्याचा शिरा केला. वरच्या मजल्यावर पंधरा दिवसांपूर्वी नवे भाडेकरू आले होते. अमरावतीहून बदली होऊन आलेले बँकेतले सुमंत, त्यांची बायको ऋता आणि आठ वर्षांची अवनी. "सणाचं पोरीला गोड देऊन येते," म्हणत काकूंनी शिऱ्याचा डबा माझ्यात ठेवला आणि जिना चढल्या.

ऋताने दार उघडलं. डबा बघून ती हसली, पण तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या शिवणीत कालच्या गव्हाच्या पिठाची पांढरी रेघ होती. तिने डबा बाहेर काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि मला दोन बोटांनी उचलून दाराबाहेर ठेवलं. मला वाईट वाटलं, मित्रांनो. इतक्या वर्षांत मला कुणी उंबऱ्याबाहेर ठेवलं नव्हतं.

"काकू, रागावू नका," ऋता चाचरत म्हणाली, "हा शिरा कोणत्या भांड्यात केलाय?"

काकूंच्या कपाळाला आठी पडली. "शिंगाड्याचा शिरा आहे हा. आणि उपवासाची भांडी आमच्याकडे वेगळी असतात हो. कढई वेगळी, झारा वेगळा. त्यांना गव्हाचा हातसुद्धा लागत नाही."

ऋताने सुटकेचा श्वास सोडला. "अवनी, ये. हे चालेल तुला."

पोर आतून आली आणि उभ्यानेच खायला लागली. डबा दोन्ही हातांत धरून, मान वर न करता. काकू कौतुकाने म्हणाल्या, "अगं बाई, तुझाही उपवास आहे का?"

"माझा तर रोजच उपवास असतो, आजी," अवनी खाताखाता म्हणाली. "मला गहू चालत नाही. खाल्ला की पेट में बहुत दर्द होता है. मग ॲडमिट करतात."

मग ऋताने सगळं सांगितलं. जन्मापासूनचं दुखणं. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडी सुजतात. तांदूळ, शिंगाडा, वरी, राजगिरा यांवरच पोर वाढलेली. पीठ कुरिअरने यायचं, ते अडकलं. घरात आता दीड दिवसाचे तांदूळ. सुमंतची बँक चालू, म्हणून तो जाता-येता दुकानं धुंडाळत होता. सकाळीच मदतीची पाकिटं वाटणारेही येऊन गेले होते, पण पाकिटात पुऱ्या.

"म्हणजे सोवळंच की हे," काकू हळूच म्हणाल्या. "तिच्या पोटाचं सोवळं."

आतून सुमंत बाहेर आला. तोंडाला रुमाल नव्हता, पण आवाज तोच होता. काकूंनी तो ओळखला, मीही ओळखला.

"काल दुकानात तुम्हीच होतात ना?"

सुमंतने मान हलवली. "तुम्ही बोललात तेव्हा ओळखलं तुम्हाला, काकू. पण तुम्ही व्रताचं म्हणालात. मग काय बोलणार?"

काकू जिना उतरल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या बंदावर इतका घट्ट होता की टाके करकरले. घरात त्या देवापाशी बसल्या, उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आठ पुडे ओट्यावर मांडले, परत कपाटात ठेवले, परत काढले. मला उगाच खिळ्यावर टांगलं, उगाच काढलं. पुडे दिले तर उरलेले आठ दिवस खायचं काय? गोळ्या उपाशीपोटी घेता येत नाहीत. धान्य खाल्लं तर अठरा वर्षांचा नवस मोडतो. आणि नवस कुणासाठी? तो माणूस खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता.

"अगं, मी काही शिंगाड्यावर जिवंत नाही," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"असं बोलू नका हो." काकूंनी पटकन देवापुढे हात जोडले.

आमची गल्ली एवढी अरुंद की समोरच्या खिडकीतला माणूस शिंकला तर इकडून 'राम' म्हणावं. समोर ढुंढिराजबुवा राहतात. मांडव नाही म्हणून त्या संध्याकाळी बुवा खिडकीतच उभे राहून कीर्तन करणार होते. ज्याने त्याने आपापल्या खिडकीत बसून ऐकायचं. झांजा घेण्याआधीच काकूंनी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं.

"बुवा, तुम्ही सांगाल ते करेन. मोडू का नवस?"

बुवांनी झांजांकडे नेलेला हात मागे घेतला. एरवी एका प्रश्नाला तासभर निरूपण करणारा माणूस तो! मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या खाटेखाली माझ्याही उपवासाचे राजगिऱ्याचे सहा पुडे आहेत. परवा उचलून आणले. मागे कोण उभं होतं, तेही पाहिलं नाही."

काकूंनी मागे वळून ओट्यावरच्या आपल्या आठ पुड्यांकडे पाहिलं.

"एकवीस दिवस म्हणतायत," बुवा पुढे म्हणाले. "पोरीला सगळंच लागेल. तुमचं आणि माझं. उद्या तुम्ही पोळी खा, मीही इकडे पोळी खातो. पाप असेल तर निम्मं माझ्या नावावर."

"आणि यांना काही झालं तर?"

"तर देवीशी मी भांडेन. इतकी वर्षं तिचं गाणं गातोय. एवढं भांडण माझं ती ऐकून घेईल."

खुर्चीतून काका म्हणाले, "भांडा हो बुवा, पण हळू. नाहीतर तिला वाटायचं, मलाच घेऊन जा म्हणताय." काकूंना रडू येत होतं, त्यातच हसू आलं.

मग माझी पाळी आली. काकू मला घेऊन मोरीत गेल्या. "ही अशी वर न्यायची नाही. हिच्या शिवणीत पीठ आहे." त्यांनी मला उलटं केलं, सुईच्या टोकाने एकेक शिवण कोरली, मग उकळत्या पाण्यात टाकलं. एकदा, आणि पाणी बदलून परत एकदा. मित्रांनो, ते पाणी अंगात शिरलं तेव्हा उंबऱ्याबाहेर का ठेवलं होतं, ते मला कळलं. मी काय वाहून नेते, हे मलाच माहीत नव्हतं. माझ्या टाक्यांतली जी धूळ कुणाला दिसतही नव्हती, ती त्या पोरीला दवाखान्यात पोचवायला पुरेशी होती.

सकाळी उन्हात वाळले. बुवांनी खिडकीतून काठी पुढे केली, काकूंनी माझे बंद तिच्यात अडकवले आणि मी गल्लीच्या वरून पलीकडे गेले. खाली एक गाय चालली होती. बुवांनी न फोडलेले सहा पुडे माझ्यात ठेवले आणि मला परत धाडलं. इकडे काकूंनी आपले आठ त्यांवर रचले. नवरात्राचा दुसरा दिवस होता. जिना चढताना काकू तीनदा थांबल्या. दमल्या होत्या की परत फिरावंसं वाटत होतं, कुणास ठाऊक. पण चढल्या.

ऋताने पुडे पाहिले. तिने मला उचलून आत नेलं आणि थेट ओट्यावर ठेवलं.

दुपारी काकूंनी कणीक मळली. वरण नाही, भात नाही, फक्त पोळी. देवीला तिचाच नैवेद्य दाखवला, डोळे मिटून काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. समोरच्या खिडकीत बुवा हातात पोळीचा तुकडा घेऊन थांबले होते. काकूंचा घास ताटातून उचलला जाईना. त्या काकांकडे बघत होत्या, जसं काही ते आत्ताच कोसळतील. काका मजेत पोळी मोडत होते.

वर छतावर धाडधाड आवाज झाला. अवनी या खोलीतून त्या खोलीत पळत होती. चाळलेल्या पिठासारखी धूळ तुळईवरून काकूंच्या ताटाजवळ पडली.

"पोरीला ताकद आली वाटतं," काका म्हणाले. "जेव आता."

काकूंनी घास तोंडात घातला. समोर बुवांनीही घातला. दोघेही बराच वेळ चावत राहिले.

काकूंचं मन त्या वर्षी रामनवमीपर्यंत थाऱ्यावर नव्हतं. काका शिंकले तरी त्या धावायच्या. नवस मोडल्याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही, आणि पुडे दिल्याचा पश्चात्तापही कधी केला नाही. दोन्ही त्यांच्याजवळ एकत्र राहिलं. माणसाच्या पोटात तेवढी जागा असते, मित्रांनो. पिशवीपेक्षा पुष्कळ जास्त.

आता मी विरले आहे, एक बंद दोरीचा आहे. तरी दुकानात जाते आणि गर्दी दिसली की अजून घाबरते. मला हात असते तर तुम्हाला जोडून सांगितलं असतं. आम्हाला धुवा, उन्हात वाळवा, टाका उसवला तर शिवा. आणि घाबरलेल्या दिवशी आम्हाला गळ्यापर्यंत भरू नका. फळीवरच्या शेवटच्या पुड्याला हात घालण्याआधी एकदा मागे वळून बघा. तिथे चिठ्ठी हातात घेऊन उभा असलेला माणूस तुमच्याच घराचा जिना उतरून आलेला असेल.