गुडघ्याएवढा शेवगा

आमच्या गावात शेवगा जीपमधून आला. त्याआधीही दोन-तीन परड्यांत तो होता म्हणा, पण जी वस्तू जीपमधून आली नाही तिला पौष्टिक म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

पोषण योजनेच्या बालिमा साहेबांनी उतरल्या उतरल्या सगळ्या बायकांना कडुनिंबाखाली बसवलं आणि पोरं का हडकतात ते समजावून सांगितलं. पोरं हडकतात, कारण त्यांना धड खायला मिळत नाही. एवढं कळायला साहेब राजधानीत, वागादुगूत, किती वर्षं शिकले असतील, देव जाणे. मग पोरांच्या दंडांना मापाची रंगीत पट्टी बांधून झाली: दंड भरलेला असला तर हिरवी, बारीक असला तर पिवळी, अगदीच काडी असला तर लाल. ज्यांची लाल किंवा पिवळी निघाली, त्यांच्या घरच्या बायकांना रोपं वाटली. लावा, वाढवा, पाला पोरांना घाला.

सगळं झकास ठरलं होतं. फक्त बाईनं रोप लावायचं कुठे, ते विचारायचं राहून गेलं. इथं आमच्या मोसी जमातीच्या गावात बाई दुसऱ्याची जमीन मागून कसते. भुईमूग घ्या, भेंडी घ्या, कोणी हूं की चूं करत नाही. झाड मात्र लावायचं नाही. ज्यानं झाड लावलं त्याची जमीन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेब स्वतः मोसी, त्यांनाही ठाऊक असणारच. पण जीपमध्ये बसलं की माणूस बरंच काही विसरतो.

बायका रोपं घेऊन घरी गेल्या. पुरुषांनी ती आपल्या जमिनीत लावली आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं. सगळ्यात दांडगं कुंपण जमीनमालक कूलिगा काकांचं. झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. पाला तोडायला बंदी, कारण साहेब उंची मोजायला येणार होते आणि सगळ्यात उंच झाडाला बक्षीस होतं. झाडांनी छान बाळसं धरलं. पोरं कुंपणाबाहेर उभी राहून ते बघायची.

टिपोको आजीच्या नातीची, नोंगमाची, पट्टी लाल होती. पोरीची आई सोन्याच्या खाणीवर गेली ती गेलीच. आजी कूलिगा काकांच्याच तुकड्यावर भेंडी लावायची, माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे. तिनं साहेबांचं रोप घेतलंच नाही, योजनेतला पावसाचं पाणी साठवायचा पिंप तेवढा ठेवून घेतला. कुठून तरी शेवग्याच्या बिया मागून आणल्या, पालेभाजी पेरावी तशा वाफ्यात दाट पेरल्या, आणि रोपं गुडघ्याला लागली की विळ्यानं छाटायला सुरुवात केली. पाला कुटून रोज कालवणात, बाजरीच्या घट्ट उकडीबरोबर; तिला इथं साग्बो म्हणतात.

काका एकदा बघायला आले. आजीच्या मेलेल्या नवऱ्याचे ते चुलतभाऊ.

"टिपोको, हे काय लावलंयस?"

"भाजी."

"शेवगा आहे हा!"

"गुडघ्याएवढं झाड कधी बघितलंय का, भावजी? भाजी आहे."

काका गुरगुरत निघून गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांची धाकटी सून मागच्या बाजूनं येऊन ओंजळभर पाला घेऊन गेली, पण ती गोष्ट वेगळी. त्यांच्या कुंपणातल्या झाडांना ती हात लावू शकत नव्हती ना!

नोंगमाची पट्टी पिवळी झाली. पोरगी भांडायलाही लागली. उपाशी पोर भांडत नाही, नुसतं बसून असतं. त्यामुळे तिनं माझा हवेचा पंप पळवला आणि वर मलाच जीभ दाखवली, तेव्हा मला इतका आनंद झाला की ओरडायचंच राहिलं.

मग साहेब मोजायला आले. आजीचा वाफा बघून हरखलेच.

"अरे वा, आजी! सगळ्यात दाट तुमचीच झाडं! पण कापता कशाला? वाढू द्या की. योजनेला पैसे देणारे पाहुणे यायचेत."

आणि कडेच्या रोपाला त्यांनी पत्र्याची पाटी बांधली. गाव गोळा झालं होतं, म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवली. झाड शेवगा, मालक टिपोको. साहेबांचा हेतू चांगला होता. वाईट असता तर एवढं नुकसान झालं नसतं.

"मालक?" काका म्हणाले. "माझ्या जमिनीत? कुदळ आणा रे!"

आजीचा चेहरा उतरला. नोंगमा तिच्या पायाला बिलगून उभी. वाफा उपटला की पोरीला साग्बोबरोबर नुसतं मिठाचं पाणी आणि पट्टी परत लाल, हे तिथं उभ्या प्रत्येकाला कळत होतं. साहेब सोडून.

"साहेब, ती पाटी काढा. हे झाड नाहीये," आजी म्हणाली.

"अहो आजी, मी शिकलोय ना! झाडच आहे हे."

"भाजी आहे म्हणते ना मी!"

"भाजी असेल तर योजनेत बसत नाही. मग तो पाण्याचा पिंपही परत न्यावा लागेल."

"न्या."

कुदळ मात्र आलीच. आता माझं डोकं फिरलं. मी मोसी नाही, शेजारच्या सामो जमातीचा आहे. सामो आणि मोसी यांचं नातं थट्टेचं. मी मोसीला चारचौघांत वाटेल ते बोलावं आणि त्यानं हसून घ्यावं. जो चिडला त्याची लाज गेली. या गावात मला फुकट मिळालेली एवढी एकच गोष्ट.

"ए कूलिगा!" मी ओरडलो. "जमीन तुझी आणि तू माझ्या आजोबांचा गुलाम. म्हणजे जमीन माझी! माझ्या भाजीला कुदळ लावतोस? आधी आजोबांच्या थडग्यापुढे कान धरून उभा राहा!"

लोक फिसकन हसले. काकांच्या मिशा थरथरल्या, पण हसणं भाग होतं.

"गप रे कुत्रेखाऊ! भाजी तर भाजी. पण गुडघ्याच्या वर गेली तर तिच्यासकट तुलाही उपटीन."

साहेबांनी पाटी सोडून घेतली, पिंप जीपवर चढवला आणि आमच्या अडाणीपणाची कीव करत निघून गेले. तेव्हापासून विहिरीवरून सायकलीला डबे लटकवून पाणी आणायचं काम माझ्याकडे लागलं. बोलायची हौस महागात पडते.

पाहुणे आले तेव्हा बक्षीस अर्थातच काकांच्या शेवग्याला मिळालं. गावात सगळ्यात उंच तोच, एक पान तुटलेलं नाही. फोटोसाठी झाडाखाली एक धष्टपुष्ट पोर हवं होतं. काकांच्या स्वतःच्या नातवाची पट्टी अजून पिवळीच, तो बाद. साहेब दंड तपासत हिंडले आणि नोंगमापाशी थांबले. हिरवी. त्यांनी पट्टी सोडून परत बांधली. परत हिरवी.

आजीनं पट्टी स्वतःच्या बोटांनी चाचपून बघितली. मला रडू आलं, लपवत नाही.

साहेबांनी नोंगमाला उचलून काकांच्या कुंपणात, झाडाखाली उभं केलं. पाहुण्यांना म्हणाले, "बघा, या झाडाची किमया!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीला शेवगा दिसला की तोडायचा एवढंच ठाऊक. तिनं वर हात करून खालची डहाळी ओढली.

"ए! झाडाला हात लावू नको!" काका खेकसले.

फोटो तेवढ्यात निघाला. नोंगमानं दचकून डहाळी सोडली आणि आजीकडे बघितलं. आजी कुंपणातून आत गेली आणि पोरीला तिनं कडेवर घेतलं.

"चल गं," ती म्हणाली. "इथं झाड आहे. भाजी घरी आहे."