नाव कमी करणे

बळीरामने शिधापत्रिका खिडकीच्या फटीतून आत सरकवली, पण हात तिच्यावरच राहू दिला.

"सोडा जी कार्ड. मी काही खाऊन नाही टाकत," आतल्या भावना मॅडम म्हणाल्या.

त्याने हात काढला. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

"काय काम?"

"नाव कमी कराचं आहे."

"वारलं का कोणी?"

"नाही जी. पोरीचं. लग्न झालं."

"मंग जरा हसून सांगा न. चेहरा कसा करून राहिले!"

पायलच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. पारशिवनीला, तिच्या सासरच्या कार्डावर तिचं नाव चढवायचं तर आधी माहेरच्या कार्डावरून ते कमी झाल्याचा दाखला लागे. एक नाव दोन कार्डांवर चालत नाही. इवाई रुपराव, म्हणजे पायलचे सासरे, दर रविवारी फोन करून विचारत. मागच्या वेळी ते हसत म्हणाले होते, "पोरगी देल्ली बळीरामभाऊ, नाव काहून ठेवून घेतलं?" बळीरामनेही हसून दाखवलं होतं. त्याआधी दोनदा तो या कार्यालयाच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला होता. घरी बायकोला, प्रेमिलाला, त्याने सर्व्हर बंद असल्याचं सांगितलं होतं. कशासाठी, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पायल फोनवर नावाचा विषय कधी काढत नसे. बरी आहे म्हणे, आणि आज आपल्याकडे नळ किती वाजता आले ते विचारी.

"ओटीपी गेला. सांगा," मॅडम म्हणाल्या.

बळीरामने खिशातला बटणांचा फोन काढून पाहिला. काही आलं नव्हतं.

"नंबर कोणाचा देल्ला होता कार्डाले?"

"पोरीचाच असंल. हे सगळं तेच करे."

"म्हणजे तिचं नाव काढाले तिलेच विचारा लागते. लावा फोन."

लकडगंजच्या आरा मशीनवर, लाकूड कापण्याच्या कर्कश आवाजात उभं राहून राहून बळीरामचे कान मंदावले होते. त्याने फोनचा स्पीकर लावला आणि फोन खिडकीच्या कडाप्प्यावर ठेवला.

"हं बाबा."

"पायल, तुह्या फोनवर आकडा आला असंल. सांग बेटा."

"कायचा आकडा?"

"राशन कार्डाचा. तुहं नाव कमी करून राहिलो."

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला. मग सासूचा आवाज आला, "दे न वं लवकर. काय पाहून राहिली?"

"आला नाही, बाबा," पायल म्हणाली.

मॅडमनी पुन्हा बटण दाबलं. क्षणभराने फोनमधून टिंग असा आवाज आला. स्पष्ट आला. बळीरामलाही ऐकू गेला.

"आता पाय बरं."

"नाही आला."

मॅडमनी आणखी एकदा दाबलं. आणखी एकदा टिंग झालं.

"नाहीच येऊन राहिला, बाबा."

तिचा आवाज सपाट होता. लहानपणी ताप लपवताना व्हायचा तसा.

"अहो काका, आला न तो, वाजला तर..." रांगेतला एक जण पुढे वाकून म्हणाला.

"तुमचा नंबर लागला का? नाही न? मंग थांबा," मॅडम म्हणाल्या. मग त्या फोनकडे झुकल्या आणि पलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "तिकडे रेंज नसते बाई. होते असं. आज काही हे काम होत नाही."

फोन बंद झाला.

मॅडम संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"अर्ज राहू देऊ का रद्द करू? रद्द कराले ओटीपी लागत नाही."

कार्ड उघडंच पडलं होतं. बळीरामने ते उचललं, मिटलं, शर्टाच्या आतल्या खिशात घातलं.

"रद्द करा."

"इवायाले काय सांगान?"

"सांगतो काही. समोर बसून सांगतो."

बाहेर उन्हं तापली होती. दुपारून आरा मशीनवर जायचं ठरलं होतं. फाटकाशी थांबून त्याने मालकाला आज येत नाही असं कळवलं. मग घरी फोन लावला.

"प्रेमिला, मी पारशिवनीले जाऊन राहिलो. पायलले घेऊन येतो."

प्रेमिलाने कारण विचारलं नाही.

"तिची गादी उन्हात टाकून ठेवते," ती म्हणाली.